‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात ते खरंच लाकूड आहे की लॅमिनेट? कसं ओळखायचं?

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात नव्या प्रोजेक्टचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात की क्रम ठरलेला असतो. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स, किचनमध्ये ग्रॅनाइटचा ओटा, बाल्कनीत अँटिस्किड टाइल्स. मग मास्टर बेडरूमचं दार उघडतं आणि सेल्सचा माणूस ठेवणीतलं वाक्य काढतो, "इथे आपण वुडन फ्लोअरिंग दिलंय." बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी वाकून हात फिरवतं, "मस्त आहे" म्हणतं आणि सगळे बाथरूम बघायला निघतात.

"लाकूड कुठलं आहे?" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारला तर बऱ्याचदा उत्तर येतं, "इम्पोर्टेड आहे, सर."

इम्पोर्टेड हे काही लाकडाचं नाव नव्हे. साग, ओक, मेपल, अक्रोड ही लाकडाची नावं. ती सांगता येत नाहीत, कारण बरेचदा खाली लाकडाची फळी नसतेच. असतो तो लाकडाचा फोटो छापलेला कागद, दाबून घट्ट केलेल्या लाकूडतंतूंच्या बोर्डावर बसवलेला. याला लॅमिनेट फ्लोअरिंग म्हणतात.

लॅमिनेट वाईट असतं असं अजिबात नाही. काही बाबतीत ते खऱ्या लाकडापेक्षा सरस आहे, ते पुढे येईलच. पण लाकडाचे पैसे मोजून लॅमिनेट घेतलं तर फटका बसतो. आणि खाली लॅमिनेट आहे हे माहीत नसताना ते लाकडासारखं किंवा शहाबादी फरशीसारखं वापरलं, तर आणखी मोठा बसतो. म्हणून हे ओळखता यायला हवं.

एकाच नावाखाली पाच वस्तू

आधी घोळ समजून घेऊ. बाजारात ‘वुडन फ्लोअरिंग’ किंवा ‘वुडन फिनिश’ या नावाखाली किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, सॉलिड वुड. वरपासून खालपर्यंत एकाच लाकडाची फळी, साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाड. दुसरी, इंजिनिअर्ड वुड. हिचा वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो, पण खाली प्लायवूड किंवा बोर्ड. तिसरी, लॅमिनेट. चौथी, व्हिनाइल. यातच हल्ली जोरात चालणारा एसपीसी हा प्रकार येतो, जो प्लास्टिक आणि चुनखडीच्या भुकटीपासून बनतो. पाचवी म्हणजे लाकडाचं डिझाइन छापलेली साधी सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल.

यातली टाइल ओळखायला काहीच लागत नाही. अनवाणी उभं राहा. टाइल पायाला गार लागते आणि दोन टाइल्समध्ये ग्राउट भरलेलं दिसतं. व्हिनाइलचंही फार अवघड नाही, त्याची सुटी पट्टी हातात घेतली की प्लास्टिक आहे हे कळतं. साधी व्हिनाइल पट्टी वाकतेही, एसपीसी मात्र ताठ असते.

खरी गंमत पहिल्या तीनमध्ये आहे. सॉलिड, इंजिनिअर्ड आणि लॅमिनेट. तिन्ही पायाला उबदार लागतात, तिन्ही पट्ट्यांमध्ये येतात आणि तिन्हींच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून बसवता येतात. विक्रेत्याला हटकलं तर तो म्हणू शकतो की लॅमिनेटचा बोर्डही लाकडाच्या तंतूंपासूनच बनतो, म्हणजे तेही लाकूडच. त्या हिशेबाने रोजचं वर्तमानपत्रही लाकूडच झालं.

लॅमिनेट म्हणजे जमिनीवरचं सनमायका

लॅमिनेट समजून घ्यायला मराठी घरात एक सोपं उदाहरण आहे, ते म्हणजे सनमायका. हे मुळात एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडचे सुतार कुठल्याही लॅमिनेटला सनमायकाच म्हणतात. कपाटाच्या प्लायवर चिकटवलेला तो पातळ पत्रा म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागद. त्यातल्या वरच्या कागदावर सागाचं किंवा अक्रोडाचं डिझाइन छापलेलं असतं.

या तंत्राची सुरुवात 1912 मध्ये अमेरिकेत झाली. हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर यांनी विजेच्या उपकरणांत इन्सुलेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला, पर्याय शोधला. मायकाच्या ऐवजी, म्हणून त्याचं नाव पडलं फॉर्मायका. आपल्या सनमायकाच्या शेपटीलाही तोच मायका आहे.

पण टेबलावरचा हा प्रकार जमिनीवर यायला बराच काळ जावा लागला. टेबलावर कोणी चपला घालून चालत नाही. 1977 मध्ये स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने जमिनीसाठीचं लॅमिनेट विकसित केलं. पुढे ते पेर्गो या नावाने युरोपात गाजलं आणि 1994 मध्ये अमेरिकेच्या बाजारात उतरलं. सुरुवातीला पट्ट्या गोंद लावून जोडाव्या लागायच्या. 1990 च्या दशकात गोंदाशिवाय ‘क्लिक’ करून बसवायची खाच आली आणि एका दिवसात एक खोली तयार व्हायला लागली. तुमच्या बेडरूममध्ये आज जे आहे, ते बहुधा याच क्लिक पद्धतीचं.

एका लॅमिनेट पट्टीत चार थर असतात. सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर. त्यात मेलामाइन रेझिन आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. हे कण इतके कडक की त्याच पदार्थापासून पॉलिश पेपरही बनतो. त्याखाली लाकडाचं छापील डिझाइन असलेला कागद. त्याखाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये मिसळून उष्णतेने आणि दाबाने तयार केलेला दाट बोर्ड. आणि तळाशी एक थर, पट्टी वाकडी होऊ नये म्हणून. सगळं मिळून जाडी साधारण 6 ते 12 मिलिमीटर. आपल्याकडे 8 मिलिमीटरचं लॅमिनेट खूप दिसतं.

म्हणजे तुम्हाला जे लाकूड दिसतं ते फक्त त्या कागदात आहे. ओळखण्याच्या सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सगळ्यात पक्का पुरावा: कड

वरचा पृष्ठभाग फसवतो. कड फसवत नाही.

पट्टीचा आडवा छेद, म्हणजे कापलेली बाजू दिसली की विषय संपला. सॉलिड लाकडाच्या फळीच्या टोकाला वर्षवलयांच्या कमानी दिसतात. वरच्या बाजूला जी रेष चालत आली आहे, ती टोकावर येऊन खाली वळते आणि फळीच्या आत उतरते. लाकूड आतून-बाहेरून एकच असल्यामुळे हे होतं. याची नक्कल करणं परवडत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

लॅमिनेटच्या कडेला वरती कागदाइतकी पातळ गडद रेघ दिसते. त्याखाली एकसंध तपकिरी बोर्ड, कधी हिरवट रंग दिलेला. त्यात रेषा नाही, वलय नाही, गाठ नाही. चॉकलेटचा बार मोडल्यावर आतून दिसतो तसा सगळीकडे सारखा.

इंजिनिअर्ड वुडमध्ये दोन्हींच्या मधला प्रकार दिसतो. वर खऱ्या लाकडाचा थर आणि त्याखाली प्लायवूडचे एकमेकांना आडवे घातलेले पापुद्रे. इथे वरच्या थराची जाडी नीट बघा. ती अर्ध्या मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकते. दोन्हींना इंजिनिअर्ड वुडच म्हणतात, पण आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक. एकावर पुन्हा पॉलिश मारता येतं, दुसऱ्यावर सँडिंगचं मशीन फिरवलं तर लाकूड संपून प्लाय वर येईल.

आता अडचण अशी, की जमीन बसवून झालेली असते. कड कुठे शोधायची?

दाराच्या उंबरठ्यापाशी बघा. जिथे फ्लोअरिंग संपून टाइल सुरू होते, तिथे ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची पट्टी बसवलेली असते. ती कधीकधी सैल असते, किंवा तिच्या शेजारी फट राहिलेली असते. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघता येतं. भिंतीतल्या कपाटाच्या आतला कोपराही बघण्यासारखा. तिथे काम घाईत उरकलेलं असतं आणि स्कर्टिंग बरेचदा लावलेलंच नसतं. रिसेलचा फ्लॅट असेल तर मालकाला सरळ विचारा, "उरलेल्या पट्ट्या आहेत का?" बहुतेक घरांत दोन-चार पट्ट्या लॉफ्टवर किंवा पलंगाच्या बॉक्समध्ये पडून असतात. एक पट्टी हातात आली की पाच सेकंदांत उत्तर मिळतं. शिवाय तिच्या मागच्या बाजूला कंपनीचं नाव, जाडी आणि ग्रेड छापलेला असण्याची शक्यता असते.

कड दिसतच नसेल तर?

मग डिझाइनची पुनरावृत्ती शोधा. जंगलात दोन झाडं हुबेहूब सारखी नसतात, त्यामुळे खऱ्या लाकडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. लॅमिनेटचा कागद मात्र मोठ्या सिलिंडरवर छापला जातो. सिलिंडरचा घेर संपला की तेच चित्र पुन्हा सुरू होतं. म्हणजे ठरावीक पट्ट्यांनंतर तीच पट्टी परत येणार.

करायचं असं. खोलीत एखादी ठसठशीत खूण निवडा, एखादी गडद गाठ किंवा वेगळ्या आकाराची कमान. मग तशीच दुसरी कुठे आहे का ते शांतपणे शोधा. पट्टी उलटी फिरवून बसवलेली असू शकते, म्हणून खोलीच्या दोन्ही टोकांना उभं राहून बघा. मोबाइलवर फोटो काढून तो उलटा करून पाहिला तरी चालतं. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना या कामाला लावा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात. तीच गाठ, त्याच जागी, त्याच आकारात दोन-तीनदा सापडली की ते छापील आहे.

एक मात्र आहे, महागड्या लॅमिनेटमध्ये वेगवेगळ्या डिझाइनच्या पट्ट्यांची संख्या जास्त ठेवतात. लहान खोलीत पुनरावृत्ती सापडली नाही, म्हणून ते लाकूडच आहे असं समजू नका. सापडली तर पक्कं, नाही सापडली तर शोध सुरू ठेवा.

दुसरी खूण पट्टीच्या लांबीत असते. लॅमिनेटच्या सगळ्या पट्ट्या कारखान्यातून एकाच मापाच्या येतात, साधारण 1.2 ते 1.4 मीटर लांब. भिंतीलगतच्या कापलेल्या पट्ट्या सोडल्या तर मधल्या सगळ्यांची लांबी सारखीच भरेल. सॉलिड लाकडात लांब-आखूड फळ्या मिसळून बसवायची पद्धत आहे. मीटर टेपने चार पट्ट्या मोजल्या तरी अंदाज येतो.

तिसरी खूण गालिच्याखाली सापडते, आणि ही रिसेलच्या घरात फार उपयोगी पडते. खरं लाकूड उजेडात रंग बदलतं. अक्रोडाचं लाकूड हळूहळू फिकं होत जातं, चेरीचं गडद होतं. वर्षानुवर्षं एका जागी असलेला गालिचा किंवा पलंग सरकवला, की खाली वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो. लॅमिनेटच्या छपाईत एवढा फरक सहसा पडत नाही.

आणि शेवटी खराब झालेली जागा शोधा. पलंगाचा पाय, ऑफिसच्या खुर्चीची चाकं, दारामागचा कोपरा. लाकडावर ओरखडा पडला तर आतही लाकूडच दिसतं. लॅमिनेटचा टवका उडाला की त्या जागी चित्र नाहीसं होतं आणि खालचा बोर्ड दिसतो.

मुंबईतल्या जुन्या चाळींचे लाकडी जिने आठवा. पायरी मधोमध खोलगट झालेली असते, पिढ्यानपिढ्यांच्या पावलांनी. पण त्या खोलगट भागातही लाकडाच्या रेषा दिसतातच. लॅमिनेट इतकं झिजलं असतं तर चित्र कधीच पुसलं गेलं असतं.

या चाचण्यांवर विसंबू नका

इंटरनेटवर काही युक्त्या फिरत असतात. त्यातल्या बऱ्याच उपयोगाच्या नाहीत.

पाण्याचा थेंब टाकून बघा, लाकूड असेल तर शोषून घेईल, असं सांगतात. घरातल्या लाकडी जमिनीवर पॉलिश किंवा लॅकरचा थर असतो. पॉलिश शाबूत असेल तर थेंब तसाच राहणार, लॅमिनेटवर राहतो तसाच. यातून काहीच सिद्ध होत नाही.

ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर लॅमिनेट, हेही अर्धसत्य. लॅमिनेट खालच्या फोमवर सुटं बसवलेलं असतं, त्यामुळे चालताना टकटक वाजतं हे खरं. पण इंजिनिअर्ड वुडही तसंच फोमवर बसवतात. आणि लाकडी वाशांवर ठोकलेलं अस्सल सॉलिड वुड तर खाली पोकळीच असल्यामुळे वाजतं.

हात फिरवून खरखरीतपणा बघणं ही एकेकाळी बरी चाचणी होती. आता लॅमिनेटमध्ये छापलेल्या रेषेच्या बरोबर वरच खाच उमटवतात, त्यामुळे बोटालाही रेष लागते. उलट जाड लॅकर मारलेलं खरं लाकूड हाताला प्लास्टिकसारखं गुळगुळीत लागतं. हात फिरवून "मस्त आहे" म्हणणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आणि लायटरने जाळून किंवा सुईने टोचून बघण्याच्या फंदात पडू नका. सॅम्पल फ्लॅट दुसऱ्याचा असतो.

ओळखून करायचं काय? फरक कुठे पडतो?

सगळ्यात मोठा फरक पडतो पाण्यात. आपल्याकडे फरशी पुसणं म्हणजे बादलीभर पाण्यात फिनाइल टाकून ओल्या फडक्याने रोज खोली काढणं. शहाबादी, मोझॅक, टाइल या सगळ्यांना ते चालतं. लॅमिनेटला नाही. पाणी पट्ट्यांच्या सांध्यातून एचडीएफपर्यंत पोचलं की तंतू फुगतात आणि सांध्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. हा फुगवटा वाळल्यावरही बसत नाही. पट्टी बदलणं हा एकच उपाय, आणि मधली पट्टी बदलायची तर भिंतीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या उचकटाव्या लागतात किंवा ती एक कापून काढावी लागते. चार वर्षांनी तेच डिझाइन बाजारात मिळेल याचीही खात्री नसते. म्हणून लॅमिनेट असेल तर उरलेल्या पट्ट्या भंगारात देऊ नका.

पाणी खऱ्या लाकडालाही सोसत नाही. पण त्याची तऱ्हा वेगळी. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा सॉलिड फळ्या रुंदीत फुगतात. कोरड्या हवेत आकसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी दिसतात. जुन्या बंगल्यातली लाकडी जमीन ऋतूप्रमाणे कुरकुरते ती यामुळे. थोडं पाणी सांडून फळीच्या कडा वर आल्या, तर वाळल्यावर ती बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते. उरलेला उंचवटा घासून काढता येतो.

हे घासून काढता येणं हीच लाकडाची खरी किंमत. 18 मिलिमीटरची सॉलिड जमीन अनेक वर्षांनी मशीनने घासून, पुन्हा पॉलिश करून नवी करता येते, आणि हे आयुष्यात एकाहून अधिक वेळा करता येतं. तीन-चार मिलिमीटरचा वरचा थर असलेल्या इंजिनिअर्ड वुडलाही एखाद-दोन वेळा जमतं. लॅमिनेटला ही सोय शून्य. त्यावर सँडिंग मशीन फिरवणं म्हणजे फोटो खोडणं. ज्यांना आपली जमीन ‘वुडन’ आहे असं सांगितलेलं असतं, ते दहा वर्षांनी पॉलिशवाल्याला बोलावतात आणि मग तो सांगतो की हे घासता येत नाही. खरं काय ते त्यांना तेव्हा कळतं.

पण ओरखड्यांच्या बाबतीत लॅमिनेट बाजी मारतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या थरामुळे खुर्ची ओढणं, कुत्र्याची नखं, मुलांच्या गाड्या हे सगळं ते पॉलिश केलेल्या लाकडापेक्षा जास्त सहन करतं. किती सहन करतं ते खोक्यावरच्या एसी ग्रेडवरून कळतं. या एसीचा गारव्याशी संबंध नाही, ही झिजेला टिकून राहण्याची युरोपीय श्रेणी आहे. एसी 3 घरातल्या भरपूर वापराला पुरतं, एसी 4 आणि एसी 5 दुकानं-ऑफिसांसाठी असतात. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल किंवा घरात लहान मुलं असतील, तर बजेटमधलं चांगल्या ग्रेडचं लॅमिनेट हाच शहाणपणाचा पर्याय आहे. फक्त ते लॅमिनेट म्हणून, लॅमिनेटच्या भावात घ्यावं.

वाळवीबद्दल विक्रेते छातीठोकपणे बोलतात, लॅमिनेटला वाळवी लागत नाही म्हणून. बोर्ड लाकडाच्याच तंतूंचा असतो, त्यामुळे अशी सरसकट खात्री कुणी देत असेल तर ती वॉरंटीत लेखी मागा.

आणखी एक मुद्दा हवेचा. एचडीएफ आणि प्लायवूड बांधून ठेवणाऱ्या काही रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने लंबर लिक्विडेटर्स या कंपनीच्या चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेटबद्दल बातमी केली. त्याच्या नमुन्यांत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचं त्यात दाखवलं होतं. त्याच वर्षी कंपनीने चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेटची विक्री थांबवली. लॅमिनेट घेताना खोक्यावर ई 1 हा शिक्का शोधायचा तो यासाठी. कमी उत्सर्जनाची ती युरोपीय श्रेणी आहे.

कागद काय सांगतात?

डोळ्यांनी ओळखणं झालं. पण पैसे देण्याआधी कागदावर ओळखता आलं तर आणखी बरं.

नवा फ्लॅट घेताना ब्रोशरवर जाऊ नका, करारनामा बघा. त्याला स्पेसिफिकेशन आणि अमेनिटीजचं परिशिष्ट जोडलेलं असतं. तिथे नुसतं ‘वुडन फ्लोअरिंग’ लिहिलं असेल तर सही करण्याआधी ते सुटं करून मागा. सॉलिड, इंजिनिअर्ड की लॅमिनेट, जाडी किती, लाकूड कुठलं, लॅमिनेट असेल तर ग्रेड कोणता. ‘वुडन फिनिश’, ‘वुडन लुक’, ‘वुड टेक्स्चर’ असे शब्द असतील तर त्यांचा अर्थ स्वच्छ आहे, ते लाकूड नाही.

रेरा कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. 2016 च्या या कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची असते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. महाराष्ट्रात याची तक्रार महारेराकडे करता येते. पण ‘वुडन’ म्हणजे नेमकं काय ठरलं होतं हे लिहिलेलं नसेल, तर वाद त्या एका शब्दाच्या अर्थावर अडकतो. ब्रोशर आणि सॅम्पल फ्लॅटचे फोटो जपून ठेवायचे ते म्हणूनच.

स्वतः दुकानातून फ्लोअरिंग घेत असाल तर एक सोपी युक्ती आहे, जी फारशी कुणी वापरत नाही. जीएसटीच्या पक्क्या बिलावर बहुधा एचएसएन कोड असतो, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आकडा. त्याचे पहिले चार अंक बघा. 3918 असेल तर ते प्लास्टिकचं फ्लोअरिंग, म्हणजे व्हिनाइल किंवा एसपीसी. 4411 म्हणजे लाकडाच्या तंतूंचा बोर्ड, लॅमिनेट इथे येतं. 4409 मध्ये खाचा पाडलेल्या सॉलिड लाकडाच्या पट्ट्या येतात. 4418 मध्ये जोडून तयार केलेले लाकडी फ्लोअरिंग पॅनेल, ज्यात इंजिनिअर्ड वुड येतं. आणि 6907 ही तर सिरॅमिक टाइल. दुकानदार कधीकधी चुकीचा कोडही टाकतात, त्यामुळे हा एकमेव पुरावा धरू नका. पण तोंडी ‘इम्पोर्टेड ओक’ आणि बिलावर 4411 असं दिसलं, तर काउंटरवरच थांबून विचारायला हरकत नाही. त्यासाठी आधी कोटेशन कोडसकट मागून घ्यावं, बिल हातात पडेपर्यंत पैसे गेलेले असतात.

भाव विचारतानाही चौरस फुटाच्या एका आकड्यावर समाधान मानू नका. त्यात फोम, स्कर्टिंग, दारातली पट्टी, बसवायची मजुरी आणि कापताना वाया जाणारा माल धरलाय का, ते विचारा. आणि ऑर्डर देण्याआधी एक सुटी पट्टी मागून घ्या, शोरूममध्ये बोर्डावर चिकटवलेली नव्हे. ती उभी धरा आणि तिची कड उजेडात बघा.